प्रसरणटाकीची कैफियत

पूर्वपक्ष आधी मांडावा, आणि प्रतिपक्षाने स्वतः ज्या जोमाने तो मांडला असता त्याच जोमाने मांडावा, मगच खंडनाला हात घालावा, असा आपल्याकडील शास्त्रार्थाचा जुना शिरस्ता आहे. आज ज्या विषयावर लेखणी उचलली आहे तो शास्त्रार्थाच्या मानाने अगदीच तळघरातला असला, तरी एवढ्यासाठी तो शिरस्ता मोडावा असे मला वाटत नाही; कारण तळघरातल्या चुकाही अखेर विचारातल्या चुकांतूनच उगवतात.

ईशान्य अमेरिकेत, जेथे हिवाळ्याचे चार-पाच महिने घर उबदार राखणे ही चैन नसून प्राणरक्षणाची बाब असते, तेथे स्थायिक झालेल्या एका सुविद्य मराठी गृहस्थांनी आपल्या घरातील तापव्यवस्थेवर एक टिपण लिहून ते आम्हा परिचितांत वाचावयास दिले. त्या भागातील अनेक घरे गरम पाण्याने तापवली जातात: तळघरात बॉयलर असतो, त्यात तापलेले पाणी एका लहानशा पंपाच्या जोरावर नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत जाते, तेथे आपली उष्णता ठेवून परत खाली येते, आणि तेच पाणी वर्षानुवर्षे या प्रदक्षिणा घालीत राहते. या बंदिस्त मार्गावर कोठेतरी घागरीएवढे एक पोलादी पात्र जोडलेले असते. त्याच्या पोटात रबराचा पडदा असतो, पडद्याच्या एका अंगास दाबाने भरलेली हवा आणि दुसऱ्या अंगास व्यवस्थेतले पाणी. तिकडचे कारागीर त्यास एक्स्पान्शन टँक म्हणतात. मी या लेखात त्यास प्रसरणटाकी म्हणेन. आमच्या गृहस्थांचा सारा रोष या पात्रावर आहे.

त्यांचे म्हणणे चार कलमांत सांगता येते. पहिले असे की, ही टाकी म्हणजे विक्रेत्यांनी गळ्यात मारलेले लोढणे आहे. पाणी तापून दाब वाढला तर तो सोडून देण्यासाठी बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्ह असतोच, त्याच्या नळीखाली एक बादली ठेवली की काम भागते, आणि आपल्या घरची टाकी निकामी झाल्यावर ती काढून तोंड बंद करून त्यांनी गेले दोन हिवाळे तसे भागवलेही आहे. दुसरे असे की, जुन्या घरांत असली टाकी नव्हती आणि भारतातही कोणाच्या न्हाणीघरात ती कोणी पाहिली नाही, तरी कोणाचे काही अडले नाही. तिसरे असे की, टाकी बसवायचीच झाली तर ती कोठेही बसवावी, कारण बंद नळ्यांतले पाणी सगळीकडे सारखेच. आणि चौथे असे की, टाकी दुकानातून आणावी ती थोडी मोठी आणावी आणि जशी आणली तशी जोडावी. कारखान्याने भरून दिलेल्या हवेत ढवळाढवळ करणे हे मजुरी वाढवण्याचे निमित्त आहे. याखेरीज लेखाच्या ओघात त्यांनी दोन गोष्टी सहज सांगितल्या आहेत, ज्यांना त्यांनी स्वतः काही महत्त्व दिलेले नाही: वरच्या मजल्यावरील निजण्याच्या खोलीतला रेडिएटर दर हिवाळ्यात अर्धा गार राहतो आणि त्यातली हवा पुनःपुन्हा सोडावी लागते, याबद्दल त्यांनी घर बांधणाऱ्यास दोष दिला आहे, आणि बादली काही आठवडे जवळजवळ कोरडी राहते तर काही आठवडे रोज भरते, याचे त्यांनी नुसते नवल केले आहे. वाचकांनी या दोन जबान्या ध्यानात ठेवाव्या. खटल्याचा निकाल त्यांवरच लागणार आहे.

या कलमांत सत्याचा अंश नाही असे मी म्हणत नाही. घराची मोजणी न करता गाडीत असेल ती टाकी अडकवून निघून जाणारे कारागीर आहेत. टाकीतला पडदा कालांतराने फाटतो आणि मग ती बदलावी लागते हेही खरे. ज्याने पैसे मोजून आणलेली वस्तू चार-सहा वर्षांत निकामी झालेली पाहिली, त्याला त्या वस्तूच्या प्रयोजनाविषयीच शंका यावी हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. परंतु वस्तू वाईट बसवली गेली यावरून ती वस्तूच अनावश्यक असे अनुमान काढणे म्हणजे कुळकर्ण्याने दप्तर वाईट लिहिले म्हणून जमिनीची मोजणीच नको म्हणण्यासारखे आहे.

आता पहिले कलम घेऊ. पाणी तापले की फुगते, हे सांगण्यास कोणा परदेशी पंडिताची गरज नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोखंडी कडे लालबुंद करून मग ते लाकडावर बसवणाऱ्या आपल्या लोहारास प्रसरणाचे मर्म पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. प्रश्न किती फुगते हा आहे. दहा अंश सेंटिग्रेडचे पाणी ऐंशी अंशांपर्यंत तापवले, तर त्याचे आकारमान शेकडा २.९ ने वाढते. म्हणजे ज्या घराच्या बॉयलरात, नळ्यांत आणि रेडिएटरांत मिळून १०० लिटर पाणी आहे, तेथे जवळजवळ तीन लिटर पाण्याला नवी जागा लागते. पोलादी नळ्याही तापून किंचित मोठ्या होतात, पण त्यांची वाढ पाण्याच्या वाढीच्या दशांशही भरत नाही. आणि पाणी हा असा हट्टी पदार्थ आहे की त्याला शेकडा एकाने जरी दाबून लहान करायचे म्हटले, तरी वातावरणाच्या दाबाच्या दोनशे पटींहून अधिक जोर लावावा लागतो. अर्थात पाणी आकसणार नाही आणि नळी ताणणार नाही. मग त्या तीन लिटरांनी जावे कोठे?

गृहस्थांचे उत्तर तयार आहे: सेफ्टी व्हॉल्व्हातून बादलीत जावे. घरगुती बॉयलरवरील हा व्हॉल्व्ह अमेरिकेत सामान्यतः दर चौरस इंचास ३० पौंड दाबावर उघडतो, आणि त्यातून पाणी बाहेर पडते हे खरे आहे. परंतु हिशेब येथे थांबत नाही, येथून सुरू होतो. बॉयलर थंडावला की उरलेले पाणी आकसते, दाब उतरतो, आणि नळाच्या पाण्याशी जोडलेला भरण-व्हॉल्व्ह, ज्याला कमी पडलेला दाब भरून काढण्याचा कायमचा हुकूम आहे, तो गेले तेवढे ताजे पाणी आत घेतो. पुन्हा बॉयलर तापतो, पुन्हा तेवढे पाणी बाहेर. पाणी पूर्ण थंड न होता केवळ ६० ते ८० अंशांच्या दरम्यान हेलकावे घेत राहिले, तरी १०० लिटरांमागे प्रत्येक फेरीस लिटरभराहून अधिक पाणी असे बदलले जाते. बंद व्यवस्थेतले जुने पाणी निरुपद्रवी असते, कारण त्यातला प्राणवायू आरंभीच लोखंडाशी संयोग पावून संपलेला असतो आणि त्यातील क्षार आरंभीच जमून बसलेले असतात. ताजे पाणी मात्र दर वेळी नवा प्राणवायू आणि नवे क्षार घेऊन येते. प्राणवायू बॉयलरचे बीड आणि पंपाचे पोट गंजवीत राहतो, क्षार सर्वांत उष्ण भागावर थर धरतात, आणि त्या थराखाली पाण्याचा थंडावा न पोहोचल्याने बिडाला तडा जाण्याची वेळ येते. बादलीत पडते ते पाणी फुकटचे, असे गृहस्थ समजतात. परंतु त्या प्रत्येक बादलीची किंमत बॉयलरच्या आयुष्यातून वजा होत असते.

याहूनही गंभीर गोष्ट व्हॉल्व्हाची आहे. तो रोजच्या वहिवाटीसाठी नाही, आणीबाणीसाठी आहे. बॉयलरवरील नियंत्रण बिघडून आग विझेनाशी झाली, तर घर आणि अनर्थ यांच्यामध्ये उभा असलेला तो शेवटचा शिपाई. दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापलेले पाणी पात्र फुटताच मोकळे होते, तेव्हा त्यातला काही भाग क्षणार्धात वाफ होतो, आणि पाण्याची वाफ मोकळ्या हवेत मूळ आकारमानाच्या सुमारे १६०० पट जागा मागते. बॉयलरचे स्फोट होतात ते यामुळे. अशा शिपायास रोज दहा वेळा फाटक उघडण्याच्या कामास जुंपले, तर त्याच्या बैठकीवर क्षारांचे कण बसतात आणि मग दोहोंपैकी एक होते: एक तर तो नीट मिटत नाही आणि अखंड ठिबकतो, किंवा क्षारांनी असा चिकटतो की खऱ्या प्रसंगी उघडतच नाही. आणि तो ठिबकू लागला की त्याच्या तोंडात बूच ठोकणारे महाभागही सापडतात, अमेरिकेतही आणि आपल्याकडील गीझरांच्या बाबतीतही. त्या कृत्यास सौम्य शब्द वापरणे मला शक्य नाही. तेव्हा 'सेफ्टी व्हॉल्व्ह आहेच' हे टाकीच्या विरुद्धचे प्रमाण नसून टाकीच्या बाजूचे प्रमाण आहे: तो व्हॉल्व्ह प्रसंगी कामास यावा म्हणूनच एरवी त्याला काम पडू नये, याची तजवीज टाकी करते.

येथे प्रतिपक्षाची एक शंका रास्त ठरेल. टाकी नसताना दर फेरीस लिटरभर पाणी बाहेर पडते असा माझा हिशेब असेल, तर त्यांची बादली काही आठवडे कोरडी कशी राहिली? ही शंका त्यांनी उपस्थित केलेली नाही, परंतु त्यांच्या वतीने मीच ती उपस्थित करतो. कारण तिचे उत्तर त्यांच्याच दुसऱ्या जबानीत आहे. वरच्या खोलीतला रेडिएटर अर्धा गार राहतो, याचा अर्थ त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पाणी नसून हवा आहे. हवा दाबली जाते. खालचे पाणी फुगले की ते त्या रेडिएटरात चढते आणि ती हवा आकसून त्याला जागा देते. पाणी थंडावले की हवा पुन्हा पसरते. म्हणजे प्रसरणटाकीचे जे काम आहे ते काम तो रेडिएटर चोरून करतो आहे, आणि ते करता यावे म्हणून खोली तापवण्याचे आपले मूळ काम अर्धे सोडून बसला आहे. मग गृहस्थ एक दिवस थंडीने वैतागून किल्लीने त्याची हवा सोडतात, खोली तापू लागते, आणि त्याच आठवड्यात बादली रोज भरू लागते! पुढे ताज्या पाण्याबरोबर आलेली हवा हळूहळू सुटी होऊन पुन्हा वर जमते, रेडिएटर पुन्हा अर्धा गार होतो, बादली पुन्हा कोरडी पडते, आणि गृहस्थ पुन्हा नवल करतात. घर बांधणारा बिचारा या खटल्यात निर्दोष आहे.

यातून जो सिद्धांत निघतो तोच या लेखाचा गाभा आहे: प्रसरणटाकी नसलेले घर जगात नाही. फुगलेल्या पाण्याला जागा कोठेतरी मिळतेच. ती जागा कोठे असावी हे बांधणाऱ्याने ठरवायचे की पाण्याने, एवढाच काय तो प्रश्न आहे. आणि पाण्याने ठरवले तर ते आपल्या सोयीचे ठिकाण निवडील, आपल्या उशाशी असलेल्या रेडिएटराचा विचार करणार नाही.

हा सिद्धांत एकदा पटला की दुसरे कलम आपोआप ढासळते. 'जुन्या घरांत टाकी नव्हती' असे म्हणणाऱ्यांनी जुन्या घराच्या तळघरात पाहिले, माळ्यावर पाहिले नाही. पंप येण्यापूर्वी, जेव्हा गरम पाणी केवळ हलकेपणामुळे वर चढत असे आणि थंड होऊन जडपणामुळे खाली उतरत असे, त्या काळच्या तापव्यवस्थेत सर्वांत उंच जागी, छपराखाली, एक उघडी टाकी असे. फुगलेले पाणी तिच्यात चढे आणि फारच चढले तर तिच्या नळीवाटे छपरावर वा मोरीत सांडे. तिच्यात दोष होतेच. उघड्या पाण्यातून प्राणवायू अखंड आत येई, पाणी वाफेने उडून जाई, आणि कडाक्याच्या थंडीत माळ्यावरची नळी गोठली, तर उघडी समजलेली व्यवस्था घरच्यांच्या नकळत बंद होऊन बसे, ज्याचा परिणाम कित्येकदा भयंकर होई. म्हणून ती टाकी माळ्यावरून उतरून तळघराच्या तुळयांत आडवी टांगलेली बंद पोलादी टाकी झाली, जिच्या वरच्या भागात हवेची उशी असे. परंतु तेथे हवा आणि पाणी यांच्यामध्ये काहीच नसल्याने हवा पाण्यात विरघळून निघून जाई, टाकी पाण्याने गच्च भरे, आणि दर काही काळाने ती उपसावी लागे. हा दोष काढण्यासाठी दोहोंमध्ये रबराचा पडदा घातलेली टाकी १९५० च्या दशकात अमेरिकेत प्रचारात आली. म्हणजे पात्र बदलले, ठिकाण बदलले, तरतूद मात्र एकाही पिढीने रद्द केलेली नाही.

भारताचा दाखलाही असाच अर्धवट पाहिलेला आहे. आजोळच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब ज्यांना आठवतो, त्यांना त्याचे वरचे तोंडही आठवावे: मध्यभागी जाळाचा नळा, भोवती पाणी, आणि वरून गार पाणी ओतण्यासाठी उघडे ठेवलेले तोंड. त्या उघड्या तोंडातच बंबाची सारी सुरक्षितता होती. कोणा अतिशहाण्याने ते तोंड झाळून टाकून बंब पेटवला असता, तर शेजाऱ्यांनी धावत येऊन त्याला अडवले असते. पुण्या-नाशिकच्या गच्च्यांवरील सौर बंबाच्या टाकीतून जी उघडी नळी सरळ वर गेलेली दिसते, ती त्याच उघड्या तोंडाची वारसदार. आणि गच्चीवरील टाकीतून साध्या उताराने पाणी घेणाऱ्या गीझरात, वाटेत एकदिशा-व्हॉल्व्ह नसेल, तर फुगलेले पाणी आल्या वाटेने मागे सरकते. तेथे गच्चीवरची टाकी हीच प्रसरणटाकी होय. जेथे दाबाचा पंप आणि त्याबरोबर पाणी मागे न जाऊ देणारा व्हॉल्व्ह बसवला गेला, तेथे ती वाट बंद झाली, आणि गीझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह पूर्वी का ठिबकत नव्हता व आता का ठिबकतो याची चर्चा सुरू झाली. अमेरिकेतील घरात नळाच्या पाण्याचा साठवण-हीटर असतो त्याचीही गोष्ट हीच आहे: ५० गॅलनांच्या, म्हणजे सुमारे १९० लिटरांच्या हीटरात १० अंशांचे पाणी ६० अंशांवर नेले, तर तीन लिटरांहून अधिक पाणी वाढते, आणि गावाच्या नळाकडे परतण्याची वाट बंद असेल, तर त्यासाठी निराळी टाकी लागते. निराळी हा शब्द मी जाणून वापरला आहे. तापव्यवस्थेची टाकी पिण्याच्या पाण्यावर चालत नाही, कारण सदैव ताज्या पाण्याच्या संपर्काने तिचे उघडे पोलाद गंजते. पिण्याच्या पाण्याच्या टाकीस आतून अस्तर असते, आणि तिच्यात हवाही घराच्या नळाच्या दाबाइतकी भरावी लागते.

तिसऱ्या कलमाकडे वळताना मला थोडे अधिक सावकाश जावे लागेल, कारण येथे गृहस्थ एकटे नाहीत. अनेक जाणते कारागीरही दीर्घकाळ याच भ्रमात होते. 'टाकी कोठेही बसवा, पाणी सगळीकडे सारखेच' हे वाक्य पंप बंद असेपर्यंत खरे आहे. पंप सुरू झाला की त्याच्या पुढच्या बाजूचा दाब मागच्या बाजूच्या दाबाहून अधिक झालाच पाहिजे, त्याशिवाय पाणी वाहणार नाही. परंतु हा फरक पुढचा दाब वाढून पडेल की मागचा दाब घटून, हे पंप ठरवीत नाही. ते टाकीचे ठिकाण ठरवते. याची उपपत्ती अशी: बंद व्यवस्थेत पंप पाणी उत्पन्न करीत नाही आणि नाहीसेही करीत नाही. टाकीतल्या हवेचा दाब बदलायचा तर टाकीत अधिक पाणी शिरले पाहिजे किंवा तिच्यातून काही पाणी निघाले पाहिजे. पण नळ्या आधीच काठोकाठ भरलेल्या आहेत. टाकीत शिरण्यास जादा पाणी आणायचे कोठून, आणि निघालेले ठेवायचे कोठे? तेव्हा टाकी जेथे जोडली आहे त्या बिंदूवरचा दाब पंपाला बदलता येत नाही. शिकागोजवळच्या बेल अँड गॉसेट कंपनीतील गिल कार्लसन या अभियंत्याने १९६० च्या दशकात हा विचार दाब न बदलणारा बिंदू या नावाने सुस्पष्ट मांडला, आणि पुढे डॅन होलोहन यांच्या 'पंपिंग अवे' या पुस्तकाने तो सामान्य कारागिरापर्यंत पोहोचवला.

त्याचा व्यवहारातला परिणाम आकड्यांत पाहू. दुमजली घराच्या तळघरात दाब १२ पौंड ठेवला आणि सर्वांत वरचा रेडिएटर तेथून १८ फूट उंच असला, तर एका पौंडास २.३१ फूट या हिशेबाने पाणी तेथवर चढवण्यात सुमारे आठ पौंड खर्च होतात आणि वर चार पौंड शिल्लक राहतात. आता पंप परतीच्या नळीवर बसवला, त्याचे तोंड बॉयलरकडे आणि टाकीकडे केले, आणि तो चालू असताना सहा पौंडांचा फरक पाडतो असे धरले, तर टाकीपाशी दाब बदलू शकत नसल्याने तो सगळा फरक पंपाच्या मागच्या बाजूस घट म्हणून उतरतो. वरच्या मजल्यावरून परतणाऱ्या नळीत, जेथे ही ओढ बहुतांशी पोहोचते, तेथील चार पौंडांची शिल्लक संपून दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होऊ शकतो. आणि मग हवा बाहेर सोडण्यासाठी ठेवलेल्या स्वयंचलित व्हॉल्व्हातूनच बाहेरची हवा आत ओढली जाते. उलट पंप टाकीच्या जोडापुढे ठेवून त्याचे तोंड घराकडे केले, तर तेच सहा पौंड वाढ म्हणून साऱ्या मार्गावर पसरतात, वरची शिल्लक वाढते, आणि पाण्यात राहिलेली हवा बुडबुडा होऊन रेंगाळत नाही. वस्तू त्याच, खर्च तोच, नळीचा एक तुकडा इकडचा तिकडे. एका मांडणीत रेडिएटर रात्रभर गुरगुरतात, दुसरीत घर शांत झोपते. मग पंप परतीवर लावण्याची रूढी पडली कशी? जुन्या पंपांच्या सीलांना अति उष्ण पाणी सोसत नसे, म्हणून त्यांना थंड परतीवर ठेवीत. सील सुधारले, रूढी राहिली. आपल्या समाजाच्या इतिहासात याला समांतर उदाहरणे वाचकांनी स्वतःच शोधावी.

भरण-व्हॉल्व्हही याच बिंदूवर जोडावा असे जाणकार सांगतात, त्याचेही कारण हेच. तो पंपाच्या मागे भलतीकडे जोडला असेल, तर पंप चालू होताच त्याला दाब कमी झालेला दिसतो आणि तो इमानाने पाणी आत सोडतो. पंप थांबला की ते जादा पाणी दाब वाढवते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो. येथे कोणीच लबाड नाही. सर्व नोकर प्रामाणिक आहेत, फक्त कारकुनाला चुकीच्या खिडकीवर बसवले आहे.

चौथ्या कलमातला पहिला अर्धा मी मान्य करतो. पडद्याची टाकी गरजेहून मोठी असली तर पैशाखेरीज आणि वजनाखेरीज फारसे नुकसान नाही. परंतु गरज किती, हे मोजल्याशिवाय 'थोडी मोठी' या शब्दांना अर्थ येत नाही. रॉबर्ट बॉइलने १६६२ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम येथे पुरतो. थंड असताना १२ पौंड दाब आणि तापल्यावर जास्तीत जास्त २५ पौंड, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यास पाच पौंड बाकी, असे ठरवले, आणि दोहोंत वातावरणाचे १४.७ पौंड मिळवले, तर २६.७ आणि ३९.७ हे आकडे येतात. म्हणजे हवा आकसून मूळच्या सुमारे दोन-तृतीयांश होते, आणि टाकीचा एक-तृतीयांश भागच काय तो पाण्याच्या वाट्यास येतो. १०० लिटरांच्या घराची २.९ लिटर वाढ सामावायला त्यामुळे जवळजवळ नऊ लिटरांची टाकी लागते. सर्रास अडकवली जाणारी दोन गॅलनांची टाकी साडेसात लिटरांची असते, ती येथे अपुरी. आणि बिडाच्या जुन्या अवजड रेडिएटरांच्या घरात २५० लिटर पाणी असेल, तर तीच टाकी निव्वळ शोभेची.

दुसरा अर्धा मात्र मला मुळीच मान्य नाही. कारखान्यातून टाकी येते ती सामान्यतः १२ पौंड हवा भरून, आणि ती दुमजली घरास सोयीची. तिमजली घरात, जेथे वरचा रेडिएटर ३० फूट उंच आहे, तेथे पाणी चढवण्यास १३ आणि वर शिल्लक चार असे १७ पौंड लागतात. टाकीत हवा १२ चीच राहिली तर बॉयलर पेटण्यापूर्वीच थंड पाणी टाकीत घुसून बसते, आणि तापल्यावर येणाऱ्या पाण्यासाठी असलेल्या जागेचा जवळजवळ निम्मा हिस्सा आधीच व्यापला जातो. म्हणून टाकी जोडण्यापूर्वी तिच्या बुडाशी मोटारीच्या ट्यूबला असतो तसा जो व्हॉल्व्ह असतो, त्याला मापक लावावे आणि साध्या पंपाने हवा घराच्या भरण-दाबाइतकी करावी. जोडण्यापूर्वी, हे पुन्हा सांगतो. कारण जोडलेल्या टाकीवर मापक लावले तर ते टाकीची हवा सांगत नाही, साऱ्या व्यवस्थेचा दाब सांगते, आणि पाहणारा 'ठीक आहे' म्हणून समाधानाने वर निघून जातो. पुढे कधी तोच व्हॉल्व्ह दाबल्यावर हवेऐवजी पाणी आले, तर पडदा फाटला असे समजावे. आणि ती बारीक नळीला आडवी लोंबकळत ठेवू नये. पाण्याने भरलेली साडेचार गॅलनांची टाकी सुमारे २० किलो वजनाची होते, तिला आधार द्यावा. या साऱ्या कामास घटका दीड घटका पुरते. एवढ्या वेळाला मजुरी वाढवण्याचे निमित्त म्हणायचे असेल, तर मग वैद्याने नाडी पाहणे हेही निमित्तच.

गृहस्थांविषयी माझ्या मनात अनादर नाही. स्वतःच्या तळघरात उतरून, दिव्याच्या उजेडात नळ्या न्याहाळून, जे दिसले ते लिहून ठेवणारा मनुष्य आपल्या सुशिक्षितांत विरळा. त्यांचे निरीक्षण निर्दोष होते. बादली भरते केव्हा आणि कोरडी राहते केव्हा हे त्यांनी टिपून ठेवले नसते, तर हा प्रतिवाद मला लिहिता आला नसता. चूक एवढीच झाली की बादलीला त्यांनी यंत्राचा भाग मानले, जेव्हा ती यंत्राची तक्रार होती. त्यांनी पुन्हा टाकी बसवावी, पंपाच्या मागे बसवावी, हवा मोजून बसवावी. बादली मात्र तेथून हलवू नये. सेफ्टी व्हॉल्व्हाच्या नळीखाली ती अशीच राहू द्यावी, आणि पुढल्या वसंतात हिवाळा सरल्यावर ते दिवा घेऊन तळघरात उतरतील, तेव्हा तिच्या तळाशी त्यांना धूळ सापडावी.